दोनशे गुडघ्यांची मापे

“अरे, जो चढणार आहे त्याचा गुडघा पाहिलास का आधी?”

मित्रांनो, माझ्या कानी पडलेले हे पहिले शब्द. तेव्हा मी धड शिडीही झाले नव्हते. दोन लांब दांडे जमिनीवर शेजारी शेजारी निजलेले, पायऱ्या भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या, आणि हातात गिरमिट घेतलेला एक तरुण शिकाऊ कारागीर पहिले भोक पाडायच्या बेतात. बोलणारे होते त्याला काम शिकवणारे थोरले मिस्त्री.

तो गडबडला. म्हणाला, “पण ही तर परीक्षेची शिडी. ही कोण चढणार?”

“तूच चढणार. मग स्वतःचा मोज.”

अशी मी घडले. मी एक जुनी शिडी आहे, बारा पायऱ्यांची. गुडघ्याची उंची घ्यायची, ती निम्मी करायची, वर दोन बोटे धरायची. एवढे दोन पायऱ्यांमधले अंतर. थोरले मिस्त्री म्हणत, पाय उचलताना माणसाला आपण चढतो आहोत हे कळताच कामा नये. झोपेत चालल्यासारखे वाटले पाहिजे.

त्या कारखान्याची दुसरीही एक रीत होती. शिडी ज्याने घडवली त्याने आधी चढायचे. अगदी वरच्या पायरीवर उभे राहायचे, दोन्ही हात सोडायचे आणि एक गाणे म्हणायचे. गाणे पुरे झाले तरच शिडी दाराबाहेर जाणार. त्या दिवशी तो तरुण माझ्यावर चढला, छताच्या वाशांना डोके टेकेल इतका वर गेला आणि घाबरत घाबरत गायला:

एक पायरी मातीची, दुजी पायरी वाऱ्याची,
तिसरीवरून दिसते वाट माझ्या घराची.

तो तरुण पुढे स्वतः मिस्त्री झाला. केस पिकले, कानामागची पेन्सिल मात्र तशीच राहिली. मी विकली गेले नाही. माळ्यावरचे लाकूड काढायला मला ठेवून घेतले. मला वाईट वाटले नाही. उभ्या उभ्या मला स्वप्ने पडायची. अजून आपण झाड आहोत असे वाटायचे, आणि कोणाचे पाऊल पडले की पाखरू येऊन बसल्यासारखे अंग शहारायचे. रंगारी यायचे, नाटकघरातले दिवे लावणारे यायचे, मनोऱ्यावरच्या घड्याळाला तेल घालणारा यायचा. आल्या आल्या ते माझ्या दांड्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, “मिस्त्री, अशीच द्या.” छताजवळून गाणे ऐकू आले की गल्लीला कळायचे, आज एक शिडी तयार झाली. समोरच्या शिंपीणबाई मशीन थांबवून ऐकत.

मिस्त्रींच्या मुलाला मात्र लाकडाचा भुसा सोसत नसे. दाराशी आला की त्याच्या सात शिंका ठरलेल्या. तो टपाल कचेरीत लागला. कारखान्यात रमली ती त्याची बायको. लग्नाआधी ती पडद्यांच्या दुकानात खिडक्यांची मापे घ्यायची. एकदा सासऱ्यांचा डबा घेऊन आली आणि रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या सालींकडे पाहत उभीच राहिली. “हात लावून बघू का, बाबा?” तिने विचारले. मिस्त्री म्हणाले, “बघ. पण डबा आधी खाली ठेव, आमटी सांडेल.” आठ वर्षांत तिचा हात असा बसला की तिने पाडलेल्या भोकातून आरपार पाहिले तर पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसायचा. मिस्त्री ते भोक डोळ्याला लावून बराच वेळ पाहायचे, आणि काही न बोलता पुढची पायरी उचलायचे.

मग ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या. हलक्या, घडीच्या. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्याही कोणाचा तरी भार उचलतातच. पण आमच्या दाराशी थाप मारणारे हात कमी झाले, गाणे थांबले, आणि मी कोपऱ्यात धूळ खात उभी राहिले. माझ्या वरच्या पायरीवर कोळ्याने संसार मांडला.

निदान सुनेला तरी वाटत होते की गिऱ्हाईक आटले ते ॲल्युमिनियममुळे. खरे काय ते एकट्या मला ठाऊक होते.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती जेवायला घरी गेली होती आणि मिस्त्री माळ्यावरची फळी काढायला माझ्यावर चढले. तिसऱ्या पायरीपर्यंत ठीक. चौथीवर पाय ठेवला आणि त्यांचे हात एकदम माझ्या दांड्यांना चिकटले. डोळे मिटले. श्वास असा चालला होता की माझ्या पायऱ्या त्याने थरथरत होत्या. कितीतरी वेळ ते तसेच राहिले, मग एकेक पाय चाचपत खाली आले आणि भुशाच्या पोत्यावर बसले. दुसऱ्या दुपारी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या दुपारीही. त्यानंतर लाकूड काढायचे झाले की म्हणायचे, “सूनबाई, तू चढ. सवय हवी तुला.” आणि ती घरी गेलेली असताना कोणी रंगारी आला तर दारातूनच म्हणायचे, “मोठ्या शिडीचं काम बंद आहे सध्या.” रंगारी जायचा. मिस्त्री दाराकडे पाठ करून पटाशीला धार लावत बसायचे, आधीच धार असलेल्या पटाशीला.

शिडीला तोंड नसते, मित्रांनो. असते तर मी त्याच दिवशी बोलले असते.

एका संध्याकाळी मुलगा आला, नेहमीच्या सात शिंका दिल्या आणि म्हणाला, “बाबा, शेजारचे फरशीवाले जागा मागतायत. गोदामाला. आता इथे होतंय तरी काय?”

मिस्त्री म्हणाले, “तुम्ही दोघं ठरवा.”

“मला दोन महिने द्या,” सून म्हणाली. “दोन महिन्यांत काम आणलं नाही, तर किल्ली मी स्वतः नेऊन देईन त्यांना.”

“काम आणणार कुठून? रस्त्यावर ओरडत फिरणारेस?”

“फोनवरून.”

नवरा हसला. पण दुसऱ्या दिवशी तिने कोळ्याला उचलून खिडकीबाहेर सोडले, मला ओल्या फडक्याने पुसले, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आपला फोन माझ्या पाचव्या पायरीला बांधला. त्याचा काचेचा डोळा कामाच्या बाकाकडे लावला. अशी मला उतारवयात नवी नोकरी लागली.

तिने कारखान्याच्या नावाने एक पान उघडले. पहिल्या दिवशी लिहिले, “सर्व प्रकारच्या मजबूत व टिकाऊ शिड्या मिळतील. संपर्क साधा.” त्याला तीन जणांनी पसंती दिली. एक तिची बहीण, एक तिचा नवरा, आणि एक ती स्वतः, चुकून बोट लागून.

आठ दिवस तिने तोच मजकूर अनोळखी लोकांच्या पानांखाली चिकटवला. कोणी ढुंकून पाहिले नाही. मग एका सकाळी बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, “ताई, तू लोकांच्या घरात शिरून नुसती आपलीच पाटी वाजवतेस. त्यांची विचारपूस तरी कर आधी.” सून विचारात पडली. त्या दिवसापासून दुपारच्या वेळी ती दुसऱ्यांची पाने पाहू लागली. कोणी रंगारी भिंतीवर मोर काढत असे, तिथे लिहायची, “मानेवरचा निळा रंग छान उतरलाय. एवढ्या उंचीवर हात दुखत नाही का?” कोणी वाचनालयाचा फोटो टाकला असेल तर विचारायची, “त्या सर्वात वरच्या फळीवरची पुस्तकं कोण काढतं?” लोक उत्तर देत. आधी एक शब्द, मग एक ओळ, मग आपल्या कामाचा गाऱ्हाण्यासकट सगळा पाढा. शिड्यांचा विषय निघतही नसे. मी फोन धरून उभी असायची आणि दूरदूरची माणसे माझ्या पाचव्या पायरीवर येऊन टेकायची. झाडावर किलबिल व्हावी तसे मला वाटायचे.

पंधरा दिवस असेच गेले. आणि मग तो निरोप आला. एका मोठ्या व्यापाऱ्याचा. सुनेने तो मोठ्याने वाचला. “दोनशे शिड्या हव्यात. दहा फुटी. सगळ्या एकसारख्या. कळवा.”

मिस्त्री लाकूड चिकटवायचा सरस ढवळत होते. मान वर न करता म्हणाले, “कोणाचे?”

“काय कोणाचे, बाबा?”

“गुडघे. दोनशे शिड्या म्हणजे दोनशे माणसं चढणार. विचार त्यांना.”

ते अर्धे रीतीला धरून बोलले आणि अर्धे भीतीने, हे मला दिसत होते. सरसाची काठी भांड्याला लागून टकटक वाजत होती. पण सुनेला त्यात वावगे काहीच वाटले नाही. ज्या घरात आठ वर्षे प्रत्येक शिडी गुडघ्यापासून सुरू झाली, तिथे दुसरे काय सुचणार? तिने लिहून टाकले, “नमस्कार. शिड्या अवश्य करू. कृपया दोनशे गुडघ्यांची मापं पाठवावीत.”

व्यापाऱ्याचे उत्तर आले नाही. त्याने तो निरोप जसाच्या तसा आपल्या व्यापारी मंडळींच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिले, “आता टोपीच्या दुकानात पायाचं माप द्यायची तयारी ठेवा.” तिथून तो दहा ठिकाणी गेला, दहावरून शंभर ठिकाणी. दुसऱ्या संध्याकाळी मुलगा घरी न जाता थेट कारखान्यात आला. शिंका द्यायलाही विसरला.

“अगं, काय लिहून ठेवलंस तू? अख्खी कचेरी आज माझ्या गुडघ्यांकडे बघत होती. साहेबांनी तर पॅन्ट वर करून दाखवली.”

सुनेने ट्यूबची पट्टी सोडली, फोन खिळ्यांच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला. तीन दिवस माझी पाचवी पायरी रिकामी होती. तीन दिवस ती काचपेपर घासत राहिली, जिथे घासायला काही उरले नव्हते तिथेही.

चौथ्या दिवशी मिस्त्रींना दोन इंची खिळे हवे होते. त्यांनी खण उघडला, फोन हातात आला. तो धुगधुगत होता. “हे बघ बाई, हे अजून जिवंत आहे,” म्हणत त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

चारशे निरोप होते. पुष्कळ थट्टेचे. कोणी शेळीच्या गुडघ्याचा फोटो पाठवला होता, कोणी टेबलाच्या पायाचा. सून अंगठ्याने ते वर ढकलत होती आणि अचानक थांबली. तिने वाचले:

“मी शाळेच्या वाचनालयात काम करते. बुटकी आहे. इथली शिडी लांब ढांगांच्या माणसासाठी केलेली, तिच्यावर मला चढवत नाही. वीस वर्षं झाली, वरच्या फळीवरची पुस्तकं मी कोणालाच काढून दिलेली नाहीत. मुलांना सांगते, ती फाटली आहेत. माझा गुडघा जमिनीपासून सोळा इंच आहे. माझी कराल का?”

सुनेने वर पाहिले. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. “किती पायऱ्या लागतील तिला?” त्यांनी विचारले.

“तीन.”

“मग करू.”

फोन परत माझ्या पाचव्या पायरीवर आला. ती शिडी पाच दिवसांत झाली, आणि मिस्त्री तिच्यावर चढले. एक. दोन. तीन. दोन्ही हात सोडले. मी कोपऱ्यातून पाहत होते. हात मोकळे होते, पण पायांची बोटे पाखराच्या नख्यांसारखी लाकडाला रुतलेली. ते गायले. समोर शिंपीणबाईंचे मशीन थांबले. सुनेने पदराने डोळे टिपले. तिला वाटले, गेलेले सारे परत आले.

ग्रंथपालबाईंनी त्या शिडीवर उभ्या राहून, वरच्या फळीवरचे पुस्तक छातीशी धरून फोटो टाकला. खाली एवढेच लिहिले, “यांनी माझा गुडघा विचारला.” तो फोटो त्यांच्या शाळासोबतिणीने पाहिला. ती एका फळबागेची मालकीण. तिने सुनेला एक जुनी दाराची चौकट दाखवणारा फोटो पाठवला. चौकटीवर पेन्सिलीने बारा रेघा ओढलेल्या आणि प्रत्येक रेघेपुढे फळे तोडणाऱ्यांची टोपणनावे: लंबू, तिखट, हसरी, चुलतभाऊ मोठा, चुलतभाऊ त्याहून मोठा. सोबत निरोप, “बारा गुडघे. शिड्या बारा बारा पायऱ्यांच्या. तोडणीच्या आत हव्यात.”

सून नाचायचीच बाकी राहिली. “बाबा, हे झालं की जागा सुटत नाही. दरवर्षी करून घेणार म्हणतायत.”

“लाकूड ओलं आहे,” मिस्त्री म्हणाले.

लाकूड ओले नव्हते. त्यांनी काम केले, नाही असे नाही. खांद्याला खांदा लावून दोघांनी बारा शिड्या उभ्या केल्या. बाराही जणी माझ्या शेजारी भिंतीला टेकल्या, नव्या लाकडाचा वास अंगाला, आणि आपल्याला कोणती झाडे भेटतील याची स्वप्ने पाहू लागल्या. पण मिस्त्री एकीवरही चढेनात. रोज एक खोट काढत. ही पायरी खरखरीत आहे. हा दांडा मनाला येत नाही. सून निमूट उतरवून पुन्हा घासे. आठ दिवस गेले. दोन महिन्यांची मुदत संपायला दोन दिवस उरले. फरशीवाल्यांचा माणूस येऊन दाराची रुंदी मोजून गेला.

मित्रांनो, मला जे मागायचे आहे ते इथेच मागून घेते, कारण शेवटचा शब्द माझा नाही. तुमच्या घरी एखादी लाकडी शिडी असेल तर तिला उन्हापावसात टाकू नका. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. आणि जे माणूस आयुष्यभर चढत आले आहे, ते एखाद्या दिवशी उगाच चिडचिड करू लागले, साध्या कामाला कारणे सांगू लागले, तर रागावण्याआधी जरा त्याच्या पायांकडे पाहा.

त्या दुपारी सून जेवायला गेली नाही. तिने काचपेपर बाकावर ठेवला.

“बाबा, माझ्या हातचं तुम्हाला पसंत नाही, एवढंच एकदा तोंडानं सांगा. मग मी फोन बंद करते. किल्लीही आजच देऊन येते. पण रोज थोडं थोडं नको.”

नेमका तेव्हा माझ्या पाचव्या पायरीवर फोन वाजला. बागेच्या मालकिणीने बोललेला निरोप होता. सुनेने तो लावला. खरखरीत, मोकळा आवाज आला:

“मिस्त्री, झाल्या का शिड्या? फळं अजून आठेक दिवस धरतील, त्याची काळजी नाही. पण एक तेरावी करा. माझा गुडघा मी त्या चौकटीवर काढलाच नव्हता, मुद्दाम. मागच्या तोडणीला मी झाडावर अर्ध्यात अडकले. डोकं गरगरलं, खाली उतरवेना. लंबूनं पाठीवर घेऊन उतरवलं, सगळी बाग बघत होती. चार दिवस तोंड लपवून बसले घरात. मग म्हटलं, लपवून फळं थोडीच उतरणार? आता मी खाली उभी राहून सांगते, कुठलं पिकलं, कुठलं नाही. वरच्यांना पानांत दिसत नाही ते. तर माझी एक लहान करा, दोन पायऱ्यांची. बसायला.”

आवाज थांबला. बाहेर शिंपीणबाईंचे मशीन चालत होते. उन्हाचा एक पट्टा बारा शिड्यांवरून सरकत होता आणि त्यात भुशाचे कण तरंगत होते, अगदी सावकाश, जणू त्यांना कुठे पोचायचेच नव्हते.

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिले, परत ठेवली.

“सूनबाई, गिऱ्हाइकं यायची थांबली नव्हती.”

“म्हणजे?”

“तू जेवायला गेलीस की यायची. मीच परत पाठवत होतो. दोन वर्षं झाली. तिसऱ्या पायरीच्या वर मला जमीन फिरताना दिसते. चढवत नाही मला.”

सून म्हणाली, “मला का नाही सांगितलंत? मी चढले असते की.”

“म्हणूनच. तू चढलीस की मग या खोलीत माझं काम काय, ते सुचेना.”

ती रागावली असावी, तिच्या हनुवटीवरून तसे वाटले. मग तिने पायातल्या चपला काढून बाकाखाली सारल्या. मिस्त्रींनी बारांतली पहिली शिडी, लंबूची, खोलीच्या मध्यावर आणली, छताच्या वाशाला टेकवली, तिचे पाय नीट बसले का ते वाकून पाहिले आणि दोन्ही दांडे हातांत धरून उभे राहिले. सून चढू लागली. पायऱ्या तिच्या गुडघ्याला लांब पडत होत्या, तरी ती चढत होती. सातव्या पायरीवर पोचली. तिथून तिला त्यांचे फक्त पिकलेले केस दिसत असणार, तोंड नाही.

“आणि ऐक,” मिस्त्री खालून म्हणाले, “भोक तू माझ्यापेक्षा सरळ पाडतेस. पहिल्या वर्षापासून. हे बोलायचं राहून गेलं होतं.”